फणेरपेटी पुन्हा उघडताना

लहानपणीच्या वेषभूषेची आणि शृंगाराची ओढ मोठेपणी अधूनमधून सर्वांनाच लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनात 'जुन्या काळचा पेहराव' असा एखादा कार्यक्रम असतो. मंगळागौरीला ठेवणीतली नऊवारी पातळे बाहेर निघतात, दिवाळीच्या तोंडावर उटण्याच्या पुड्या खपतात. शाम्पू सोडून शिकेकाईकडे, पेन्सिल सोडून घरच्या काजळाकडे आणि चिकटवायची टिकली सोडून कुंकवाकडे वळलेली माणसे आपल्या ओळखीत असतात. त्यांना कारण विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते : "आमच्या आजीने जन्मभर हेच वापरले, तिला काही झाले नाही."

या उत्तरात आजीविषयीचे प्रेम आहे. पुरावा म्हणून मात्र ते तोकडे पडते. एका आजीला काही झाले नाही, हे एका व्यक्तीचे निरीक्षण झाले. ज्यांच्या कपाळाला खाज सुटली किंवा ज्या बाळाचे डोळे आले, त्यांची नोंद त्या काळी कोणी ठेवली नाही. शिवाय आजी वापरत होती तो पदार्थ आणि आज त्याच नावाने पुडीत मिळणारा पदार्थ एकच आहेत, हे तरी कशावरून?

आमच्यापैकी बहुतेकांचे बालपण १९६० ते १९७५ या काळातले. त्या वेळी अनेक घरांत फणेरपेटी असे. लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा आणि खाली लहान लहान कप्पे. त्यांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी ठेवलेली असे. या लेखात आपण ती पेटी पुन्हा उघडू आणि आतली एकेक वस्तू बाहेर काढून तिला तीन प्रश्न विचारू. ही वस्तू खरोखर जुनी आहे का? नाव तेच असले तरी पदार्थ तोच आहे का? आणि तो उपयोगी व निर्धोक आहे का? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. एकाचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसऱ्याचेही 'होय' येईल असे नाही.

कुंकवाचा करंडा

आधी कपाळावर मेणाचा ठिपका लावायचा आणि त्यावर कोरडे कुंकू टेकवायचे, ही पद्धत आम्ही घरोघर पाहिली आहे. मेणामुळे पूड कपाळाला धरून राही आणि घामाने लगेच ओघळत नसे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. पारंपरिक कुंकवाचा मूळ पदार्थ हळद. हळकुंडांवर टाकणखार, लिंबाचा रस आणि तुरटी यांची प्रक्रिया करून, ती वाळवून व कुटून लाल कुंकू तयार करीत.

पिवळ्या हळदीपासून लाल कुंकू कसे होते? हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिन या संयुगामुळे असतो. अल्कलीच्या संपर्कात कुर्क्युमिनची रचना बदलते आणि रंग तांबडा होतो. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, तो याच कारणाने. वर्गात हे सहज दाखवता येईल. हळद पाण्यात कालवून टीपकागदाच्या पट्ट्यांना लावावी व त्या सावलीत वाळवाव्या. एका पट्टीवर चुन्याची निवळी, दुसरीवर साबणाचे पाणी, तिसरीवर धुण्याच्या सोड्याचे द्रावण टाकावे. पट्ट्या तांबड्या होतील. मग त्याच जागी लिंबाचा थेंब टाकावा. तांबडा रंग जाऊन पुन्हा पिवळा येईल.

आम्ही हळद आणि चुना यांचे असे 'कुंकू' करून पाहिले. पहिल्या दिवशी ते छान लाल दिसले, पण उघडे ठेवल्यावर पुढे त्याचा रंग उतरत गेला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचा खडू बनतो आणि अल्कलीपणा कमी होतो. घामही किंचित आम्लधर्मी असतो. त्यामुळे नुसत्या चुन्यावर उभा असलेला लाल रंग कपाळावर टिकणे अवघड आहे.

कारागिरांच्या कृतीत चुन्याऐवजी टाकणखार आणि त्याच्या जोडीला लिंबू आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टाकणखार हे बोरॉनचे संयुग. आम्लाच्या सान्निध्यात कुर्क्युमिन आणि बोरॉन यांचे लाल रंगाचे संयुग बनते. रसायनशास्त्रज्ञ बोरॉन ओळखण्यासाठी हीच प्रक्रिया वापरतात. हळदीचा कागद टाकणखाराच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवून वाळवला तर तो तांबूस तपकिरी होतो आणि त्यावर अल्कली पडल्यास हिरवट काळा दिसतो. नुसत्या अल्कलीने आलेला लाल रंग आणि बोरॉनमुळे आलेला लाल रंग वेगळे आहेत, हे या कसोटीवरून कळते. वरिष्ठ वर्गांच्या प्रयोगशाळेत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. टाकणखार पोटात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

आता दुसरा प्रश्न. आज बाजारात 'कुंकू' या नावाने मिळणारी प्रत्येक पूड हळदीची असते का? नाही. स्टार्च किंवा दगडाची भुकटी घेऊन तिला कृत्रिम रंग दिलेले कुंकूही विकले जाते आणि अशा रंगांमुळे कपाळावर पुरळ उठल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. चिमूटभर कुंकू पाण्यात टाकून पाहावे. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाणी भराभर गर्द लाल झाले तर पाण्यात विरघळणारा रंग घातला आहे असे समजावे. उलट पाणी स्वच्छ राहिले म्हणून कुंकू शुद्ध ठरत नाही. काही कृत्रिम रंग तेलातच विरघळतात. कसोटीतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी हे चांगले उदाहरण आहे.

कुंकवाची जागा पुढे टिकलीने घेतली. वापरायला ती सोपी, पण तिच्या मागच्या गोंदाने एक नवा प्रश्न आणला. काही जणींच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडू लागला. गोंदातल्या पॅरा टर्शरी ब्युटिलफिनॉल या रसायनामुळे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना इजा होते, असे भारतीय डॉक्टरांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. म्हणजे नवी वस्तूही तपासावीच लागते. टिकलीखाली खाज सुटली किंवा रंग फिका पडू लागला, तर टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

कुंकू आणि शेंदूर यांत गल्लत करू नये. मारुतीच्या वा गणपतीच्या मूर्तीला तेलात कालवून लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. त्याचा नारिंगी लाल रंग उठावदार असतो, पण शिसे विषारी आहे. तो मुलांच्या कपाळाला लावू नये आणि हाताला लागल्यास जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

हळदीचे पेटंट

'जुने' आणि 'गुणकारी' हे दोन प्रश्न वेगळे कसे, याचे एक प्रसिद्ध उदाहरण हळदीचेच आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्याकडे ते वाचून लोक चकित झाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तेव्हाचे तिचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. 'आमच्या आजीला हे माहीत होते' एवढे सांगून तिथे भागणार नव्हते. छापील पुरावा हवा होता. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध धुंडाळून ३२ संदर्भ सादर केले. १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक निबंधही त्यांत होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

हा विजय सर्वांना आठवतो. मात्र त्यातून नेमके काय सिद्ध झाले? हळदीचा हा वापर नवा नाही, एवढेच. पेटंट कार्यालयापुढे प्रश्न नवेपणाचा होता. हळदीने जखम किती बरी होते, कोणती होते, किती मात्रेने होते, हे ठरवायला रुग्णांवर पद्धतशीर चाचण्या लागतात. 'पेटंट रद्द झाले, म्हणजे हळद गुणकारी हे जगाने मान्य केले' असे अनेकदा ऐकू येते. तो निष्कर्ष त्या निकालातून निघत नाही.

काजळाची डबी

घरचे काजळ करण्याची रीत सोपी होती. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा, त्याच्या ज्योतीवर तांब्याची ताटली उपडी धरायची, जमलेली काजळी खरवडून तुपात किंवा एरंडेलात खलायची. आम्ही हे करून पाहिले तेव्हा बराच वेळ दिवा तेवत ठेवूनही काजळी चिमूटभरच निघाली. डबीभर काजळासाठी किती वेळ जात असेल याची कल्पना त्यावरून आली.

ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर तेलातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. ताटली आडवी आल्याने ज्वलन अपुरे राहते, ज्योत थंड होते आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण ताटलीवर बसतात. आपल्या जुन्या पोथ्यांची काळी शाईही अशाच काजळीपासून करीत. कार्बनवर उजेडाचा व हवेचा परिणाम होत नाही, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीची अक्षरे आजही काळीभोर दिसतात. डोळ्यांतले काजळ आणि पोथीतले अक्षर ही अशी एकाच काजळीची दोन रूपे आहेत.

सुरमा ही वस्तू वेगळी. काजळ दिव्यापासून मिळते, सुरमा खनिजापासून. सुरम्यात अँटिमनीचे सल्फाइड असते असे पूर्वी पुस्तकांत लिहीत. प्रत्यक्ष तपासणीत अनेक नमुन्यांत गॅलेना म्हणजे शिशाचे सल्फाइड आढळले आहे. दोन्ही काळे, दोन्ही डोळ्यांत घालायचे, आणि परदेशांतल्या बाजारात तर दोन्हींची नावेही सरमिसळ होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काजळ, सुरमा आणि कोहल यांच्यातून मुलांना शिशाची बाधा होण्याविषयी सावध केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी माहीत नाही. मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. लहान मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते, आणि शिसे पोटात जाते.

शिशाच्या काजळाचा इतिहास फार जुना आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील प्राचीन इजिप्शियन प्रसाधनांच्या कुप्यांत उरलेल्या पुडींचे पृथक्करण करून फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये आपले निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांत गॅलेनाबरोबर शिशाची अशी काही संयुगे सापडली, की जी निसर्गात क्वचितच आढळतात. ती मुद्दाम तयार केली असली पाहिजेत. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तिथले लोक द्रावणांतून संयुगे बनवण्याचे रसायनशास्त्र जाणत होते. पुढे २०१० मधल्या एका अभ्यासात, शिशाच्या अत्यल्प मात्रेने पेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढते आणि त्यामुळे डोळ्यांच्या संसर्गाला प्रतिकार होत असावा, असे सुचवले गेले. प्राचीन लोकांच्या कौशल्याचे आपण कौतुक करावे. शिशाचा विषारीपणा मात्र त्याने कमी होत नाही. प्रतिजैविके नसलेल्या काळात ज्याचा कदाचित उपयोग होता, ते आज मुलाच्या डोळ्यात घालण्याचे कारण उरलेले नाही.

आणि घरचे, शुद्ध काजळीचे काजळ? त्यात शिसे नसते, ही जमेची बाजू. पण काजळीत अपुऱ्या ज्वलनातून आलेली इतर सेंद्रिय संयुगेही असतात, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यात बोटाने काजळ घातले तर जंतू जाण्याचा व अश्रुनलिका बुजण्याचा धोका असतो. म्हणून बालरोगतज्ज्ञ त्याला मनाई करतात. बाळाला तीट लावायचीच असेल तर गालावर लावावी, डोळा मोकळा ठेवावा.

भारतात १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची व आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई आहे. घरी केलेल्या किंवा जत्रेत सुट्या मिळणाऱ्या वस्तूची तपासणी मात्र कोणी केलेली नसते. शिसे डोळ्यांनी, वासाने किंवा घरगुती युक्तीने ओळखता येत नाही. अशा वेळी वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटक आहेत की नाहीत एवढे तरी पाहावे.

न्हाणीघरातली शिकेकाई

फणेरपेटीच्या बाहेर, न्हाणीघरात शिकेकाई आणि रिठे असत. दोन्हींत सॅपोनिन नावाची संयुगे असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, दुसरा तेलाकडे. त्यामुळे केसांवरचे तेल आणि मळ सुटून पाण्याबरोबर जातो. साबणाचे कामही असेच चालते, पण दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे.

विहिरीच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबणाशी त्यांची प्रक्रिया होऊन न विरघळणारा साका बनतो आणि केस चिकट व राठ होतात. सॅपोनिनचा असा साका बनत नाही. एका बाटलीत जड पाणी व साबणाचा किस, दुसरीत तेच पाणी व रिठ्याचा काढा घेऊन दोन्ही हलवून पाहाव्या. पहिलीत पांढुरका साका व थोडा फेस, दुसरीत भरपूर फेस दिसेल. सामू दाखवणारा कागद असल्यास तोही वापरावा. साबणाचे द्रावण अल्कधर्मी, सामू ९ ते १० च्या आसपास येते आणि शिकेकाईचा काढा आम्लधर्मी येतो. अल्कलीने केसांचे वरचे खवले उघडतात व केस गुंततात. आजीच्या शिकेकाईची बाजू इथे भक्कम आहे.

पण दुकानातला 'शिकेकाई साबण' कोणता? तो प्रथम साबण आहे. शिकेकाई त्यात घातलेली असली तरी साबणाचा अल्कलीपणा राहतोच. वर सांगितलेला कागद त्यालाही लावून पाहावा. नाव आणि पदार्थ यांत किती अंतर असू शकते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच दिसेल. खरी शिकेकाईही डोळ्यांत गेली तर चांगलीच झोंबते, हे आमच्या पिढीला वेगळे सांगायला नको.

शाम्पू हा शब्दही मूळचा इकडचा. हिंदीतल्या 'चांपना' म्हणजे दाबणे, चंपी करणे या क्रियापदापासून तो इंग्रजीत गेला. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी १८१० च्या दशकात इंग्लंडमधील ब्रायटन येथे मालिश व बाष्पस्नानाचे गृह काढले आणि तिथे हा शब्द लोकप्रिय केला. पुढे त्याचा अर्थ केस धुणे असा झाला आणि त्या अर्थाने तो बाटलीत बसून परत आला.

न्हाण्याआधी डोक्याला खोबरेल तेल लावण्याची सवय मात्र कसोटीला उतरली आहे. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना व विंचरताना त्यांतील प्रथिने झिजतात. ही झीज खोबरेलाने कमी झाली, इतर दोन तेलांनी झाली नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाच्या सरळ व लहान साखळीमुळे ते केसाच्या आत शिरू शकते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले होते, ही माहितीही विद्यार्थ्यांना द्यावी. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र संशोधनाचा खर्च कोणी केला हे विचारण्याची सवय लागावी. तेलाने केस मुळापासून जोमाने वाढतात हा दावा वेगळा आहे. तो या प्रयोगाने सिद्ध होत नाही.

नागपंचमीची मेंदी

मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते त्वचेतल्या व नखांतल्या केराटिन या प्रथिनाशी जोडले जाते, म्हणून धुतल्याने जात नाही. त्वचेचा वरचा थर झडत जातो तसा हातावरचा रंग दोन-तीन आठवड्यांत उतरतो. नखावरचा रंग नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. नागपंचमीला नखांना मेंदी लावलेल्या मुलींनी दर आठवड्याला रंगाच्या कडेपासून नखाच्या मुळापर्यंतचे अंतर मोजून आलेख काढावा. मेंदीच्या लगद्यात लोकरीचा आणि सुती असे दोन पांढरे धागे रात्रभर ठेवावेत. लोकर चांगली रंगते, सूत फिकेच राहते. लोकर हे प्रथिन आहे, सूत सेल्युलोज आहे.

आता 'काळी मेंदी'. झाडाची मेंदी काळी रंगत नाही. ती नारिंगीपासून तपकिरी लाल रंग देते आणि त्यासाठी तिला काही तास लागतात. अर्ध्या तासात काळाभोर रंग देणाऱ्या कोनात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन हे केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असते. त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात आणि एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते. पुढे केसांना कलप लावायची वेळ आली की त्रास होतो. लग्नाच्या किंवा जत्रेच्या गडबडीत मुलींच्या हातावर हा कोन चढतो, म्हणून शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे. शुद्ध मेंदीलाही एक अपवाद आहे. 'जी सिक्स पी डी' या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या लहान मुलांत लॉसोनमुळे तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. अशा मुलांना मेंदी लावू नये.

स्नो, पावडर आणि टेरिलीन

आमच्या आठवणींत फक्त शिकेकाई आणि काजळ नाही. मुंबईचे ई. एस. पाटणवाला यांचा अफगाण स्नोही तिथे आहे. १९५२ मध्ये टाटा उद्योगसमूहाने सुरू केलेल्या 'लॅक्मे'च्या वस्तूही आहेत. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेचे, आणि ते 'लक्ष्मी'चेच फ्रेंच रूप. स्नो म्हणजे काय? स्टिअरिक आम्लाचा काही भाग अल्कलीने साबणात बदलायचा आणि उरलेला पाण्यात बारीक विखरायचा. स्टिअरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे मलम मोत्यासारखे चमकते आणि चोळले की दिसेनासे होते. पावडर म्हणजे शंखजिऱ्याची, टाल्कची पूड. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. बाळाला पावडरीने माखण्याची लहानपणीची रीत आता पुन्हा आणण्यासारखी राहिलेली नाही.

पेटीशेजारच्या ट्रंकेत कपडे असत. पॉलिएस्टरचा हा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. भारतात १९६० च्या दशकापासून टेरिलीन, टेरिकॉट यांचे आकर्षण वाढले. त्यांना इस्त्रीची गरज कमी आणि रंग टिकाऊ. १९७० च्या दशकातल्या बेलबॉटमच्या पँटी पुष्कळदा याच कापडाच्या होत्या. दमट हवेत १०० ग्रॅम सूत सुमारे ८ ग्रॅम बाष्प धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. त्या पँटीत घाम का यायचा हे एवढ्यावरून समजेल. शिवाय हा धागा ज्योतीजवळ वितळतो आणि कातडीला चिकटतो. तेव्हा आम्ही सुती कापडाला गरिबाचे समजत होतो. आज हातमागाचे सूत महाग झाले आणि त्याची आठवण गोड झाली. आठवण निवड करते. ती शिकेकाई ठेवते, टेरिलीनचा घाम विसरते.

पेटी कोणाची होती?

शेवटी एक प्रश्न, जो रसायनशास्त्राचा नाही. ही फणेरपेटी उघडण्याची परवानगी सर्वांना होती का? ज्या घरात आजी कुंकू लावत होती, त्याच घरात कदाचित एक आत्या होती, जिला पती वारल्यावर कुंकू, मेंदी, गजरा सारे वर्ज्य होते. त्याआधीच्या पिढीत तिचे केशवपनही होई. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तेव्हा ते या रूढीशीच लढत होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये करावा लागला. राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांना त्याचे अनुकरण करण्यास सुचवले. गोऱ्या रंगाचा हव्यासही असाच जुना. १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द जायला २०२० साल उजाडले.

म्हणून जुना शृंगार परत आणताना काय आणायचे आणि काय मागे ठेवायचे, हे आपणच ठरवले पाहिजे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रकल्प करून घेता येईल. प्रत्येकाने घरातल्या सर्वांत वडील बाईला पाच वस्तूंविषयी विचारावे. तुम्ही काय वापरत होता, कशापासून करीत होता, कोणाला ते वापरता येत नव्हते, कोणाला त्रास झाला होता का? शेजारच्या रकान्यात आज बाजारात त्या नावाने काय मिळते, वेष्टनावर कोणते घटक छापले आहेत, हे लिहावे. तिसऱ्या रकान्यात वर्गात केलेल्या कसोटीचा निष्कर्ष मांडावा. चौथा रकाना 'अजून माहीत नाही' यासाठी ठेवावा. तो बराच भरेल. विद्यार्थ्यांनी तो प्रामाणिकपणे भरला, तर आजीचे ज्ञान नोंदवले जाईल आणि तपासलेही जाईल.